मंगल कार्यालयाच्या पायरीवर आईचं मनगट मोडलं. भरपाई मागायची तर सुरुवात कुठून करायची?

अरण्येश्वरची

लग्न माझ्या मावसबहिणीचं, डिसेंबरातलं. कार्यालय सिंहगड रस्त्याच्या बाजूचं. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे प्रकरण उभं राहायचं आहे. जेवणाचा हॉल तळघरात, वर यायला ग्रॅनाइटच्या अकरा पायऱ्या. हात धुवायची बेसिनं बरोबर या जिन्याच्या तोंडाशी. पंगत उठली की माणसं ओले हात झटकत तशीच वर चढतात. कठडा एकाच बाजूला, आणि तोही अर्ध्यात संपतो. खालून चौथ्या पायरीची पुढची पट्टी सुटलेली होती, नुसती वर ठेवल्यासारखी.

आई दुसऱ्या पंगतीला जेवून वर येत होती. त्या पट्टीवर पाय पडला, पट्टी सरकली आणि आई उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून प्लेट आणि सात स्क्रू घातले.

आई ५६ वर्षांची आहे. गेली चौदा वर्षं घरून पोळीभाजीचे डबे देते. या वर्षी अठ्ठावीस डबे होते, महिना २,४०० रुपये एकाचे. किराणा, भाजी, गॅस आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार वजा जाता हातात तीस हजारांच्या आसपास राहायचे. डबे बंद होऊन आता दोन महिने झाले. यातले किती लोक परत येतील ते आत्ता सांगता येत नाही, त्यांनी दुसरीकडे लावले आहेत.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते लिहिते. अपघात विभागात आईला घेऊन मामा गेला होता. "पोलीस केस होईल, उगीच अडकून पडू" म्हणून त्याने डॉक्टरांना सांगितलं की घरी बाथरूममध्ये पाय घसरला. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. मामाचा हेतू वाईट नव्हता. लग्नाचं घर होतं, बहीण मंडपात उभी होती.

आणि आई स्वतः सगळ्यांना एकच सांगते, "माझंच लक्ष नव्हतं." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. कार्यालयाचा माणूस पेढे घेऊन आला होता, त्यालाही. तो पंधरा हजारांचा चेक आणि एक टाइप केलेला कागद घेऊन आला होता. "माणुसकी म्हणून देतोय, फक्त इथे सही." कागदावर शेवटच्या ओळीत होतं की यापुढे कोणताही दावा करणार नाही. मी सही करू दिली नाही. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, कारण मावशीला वाटतं की लेकीच्या लग्नाला कोर्टाचं लचांड लागायला नको.

दवाखान्याचं बिल १,३८,००० झालं. मेडिक्लेममधून १,०२,००० मिळाले. कुणी अशा वाटेने गेलं असेल तर सांगा. खोटं लिहिलं गेलेला केसपेपर दुरुस्त होतो का? ज्यांनी हॉलचं भाडं भरलं ती मावशी, मग आईला मागायचा हक्क आहे का?

---

बिबवेवाडीकर

ताई, आईंना लवकर बरं वाटो. सही करू दिली नाहीत हे फार बरं केलंत. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही आठ हजारांवर सही करून बसलो. सहा महिन्यांनी खुब्याचं दुसरं ऑपरेशन निघालं, तेव्हा त्याच कागदाची झेरॉक्स आमच्या तोंडावर फेकली.

एक विचारतो, पायरीचे फोटो आहेत का? आज जाऊन काढा. उद्या नको.

---

अरण्येश्वरची

गेले होते. आठव्या दिवशीच गेले. पट्टी नवीन बसवली आहे, आणि कठडा दोन्ही बाजूंनी, चकचकीत स्टीलचा. नुसती उभी राहून बघत होते.

---

कार्यालय_सांभाळणारा

मी दुसऱ्या एका कार्यालयात व्यवस्थापक आहे, म्हणून आमची बाजू मांडतो, राग मानू नका. लग्नसराईत एका दिवसात दोन कार्यं असतात, हजार-बाराशे पानं उठतात. पाणी सांडणारच. आम्ही दोन बायका फक्त पुसायला ठेवतो, तरी कमी पडतं. बुकिंगच्या फॉर्मवर आम्ही यजमानांची सही घेतो की इजा किंवा चोरीला व्यवस्थापन जबाबदार नाही. आणि कठडा नंतर लावला म्हणजे आधी चूक होती असं धरलं, तर कोण दुरुस्ती करेल?

तरी सुटलेली पट्टी तशीच ठेवून हॉल भाड्याने देणं मला पटत नाही. एका कारागिराचं अर्ध्या दिवसाचं काम असतं ते.

---

शिवाजीनगर_कोर्ट

वकिली करतो, त्यातही ग्राहक आयोगातली कामं जास्त. इथे लिहितोय ती सर्वसाधारण माहिती समजा, कागद बघितल्याशिवाय पक्कं कुणीच सांगू नये.

आधी हक्काचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली ग्राहकाची व्याख्या, कलम २(७), नीट वाचा. पैसे मोजणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक आहे. मावशींनी हॉल घेतला तो पाहुण्यांसाठीच. तुमच्या आई त्या अर्थाने ग्राहक आहेत. तक्रार त्या स्वतःच्या नावाने करू शकतात. मावशींना तक्रारदार व्हावं लागत नाही, मात्र हॉलच्या भाड्याची पावती त्यांच्याकडून लागेल. हे त्यांना समजावून सांगा, त्यांचा निम्मा विरोध मावळेल.

मुदत दोन वर्षं, घटनेच्या दिवसापासून. जिल्हा आयोगाची हद्द ठरते ती सेवेसाठी मोजलेल्या किमतीवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. पन्नास लाखांपर्यंतची किंमत जिल्हा आयोगात, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

दिवाणी कोर्टाचा मार्गही आहे, पण तिथे मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी आणि वर्षानुवर्षं. आयोग कधी कधी म्हणतो की पुरावा गुंतागुंतीचा आहे, दिवाणीत जा. तो धोका धरून चाला आणि म्हणूनच कागद सुरुवातीपासून चोख ठेवा.

पोलिसांचं विचाराल तर, हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करून अशी दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं. तीन महिन्यांनी गेलात तर ठाणे अंमलदार "एवढे दिवस काय करत होता" विचारणार. तरी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुन्हा दाखल होवो न होवो, तारखेचा शिक्का मिळतो.

आता व्यवस्थापक साहेबांच्या सहीबद्दल. ती सही मावशींची आहे, आईंची नाही. आणि "जबाबदार नाही" असं छापल्याने स्वतःचा निष्काळजीपणा पुसला जात नाही. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या पार्किंगमधून १९९८ मध्ये गाडी चोरीला गेली होती. पावतीवर "मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये निकाल लागला की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या हयगयीसाठी हॉटेलला त्या ओळीआड लपता येणार नाही.

याहून जुनं आणि तुमच्या जवळचं प्रकरण चांदणी चौकातलं. आपला नव्हे, दिल्लीचा. तिथला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसं गेली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. इमारत जिच्या ताब्यात, तिनेच वेळोवेळी तपासून घ्यायला हवी होती. मनोरा आपोआप पडत नाही, पडला यातच हयगय दिसते, आणि ती नव्हती हे दाखवायचं काम ताबेदाराचं. सुटलेल्या पट्टीला हे लागू करून बघा.

नंतरची दुरुस्ती म्हणजे चुकीची कबुली, असं कुणी सरळ धरत नाही, त्यामुळे व्यवस्थापकांनी दुरुस्ती करायला घाबरू नये. पण आधी काय होतं हे आपल्याला दाखवावं लागेल. ताई, लग्नाचा व्हिडिओ काढणारा कोण होता?

---

अरण्येश्वरची

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी उठलेच. फोटोग्राफर नऱ्ह्याचा आहे. संपादित फिल्ममध्ये जिना कुठेच नव्हता. मी त्याला म्हटलं, कापलेला सगळा माल दे. त्याने पेन ड्राइव्हमध्ये भरून दिला, पैसेही घेतले नाहीत.

काल रात्री दोन वाजेपर्यंत बघत होते. पहिल्या पंगतीनंतरचं दृश्य आहे. नवरदेवाकडचे एक आजोबा फेटा सावरत वर येतायत. चौथ्या पायरीवर त्यांचा पाय पडतो आणि पट्टी पुढे येते, बोटभर. ते थबकतात, खाली बघतात, बुटाच्या टोकाने पट्टी मागे ढकलतात आणि वर जातात. मागून कार्यालयाचा गणवेश घातलेला मुलगा पाण्याचा जग घेऊन येतो, तो न बघताच बरोबर तेवढी पायरी ओलांडून चढतो. म्हणजे त्याला माहीत होतं. फाइलची वेळ दुपारी १२:५२. आई पडली दीडच्या सुमारास.

मी ते आईला दाखवलं. तिने तीनदा बघितलं. मग म्हणाली, "त्या मुलाने सांगितलं असतं तरी झालं असतं गं." त्यानंतर 'माझंच लक्ष नव्हतं' हे तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

---

शिवाजीनगर_कोर्ट

मूळ कार्ड आणि मूळ फाइल फोटोग्राफरला जपून ठेवायला सांगा. पुनर्नामकरण नको, व्हॉट्सअॅपवरून पाठवाठवी नको. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मी सांगेन तसं त्याच्याकडून घ्या. कार्यालयालाही आजच लेखी कळवा की त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत जुन्यावर नवीन चढतं, पण नाही मिळालं तरी आपण मागितलं होतं हे कागदावर राहतं.

केसपेपर खोडून दुरुस्त होत नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. दवाखान्याच्या वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज द्या: माहिती नातेवाइकाने घाईत चुकीची दिली, खरी हकीकत अशी, ही नोंद सोबत जोडावी. मामांचं प्रतिज्ञापत्र करा, त्यांनी जे केलं ते जसंच्या तसं लिहून. लपवलं तर उलटतपासणीत हेच एक वाक्य तुमचं सगळं प्रकरण बुडवेल. लग्नपत्रिका, पडल्यानंतर कुणी कुणाला केलेले फोन, अॅम्ब्युलन्स किंवा रिक्षा कुठून कुठे गेली, हे सगळं घरच्या बाथरूमच्या विरुद्ध बोलतं.

---

फिजिओ_कोथरूड

मनगटाच्या केसेस रोज बघते म्हणून लिहिते. प्लेट बसली, एक्स-रे छान आला, की डॉक्टर म्हणतात हाड जुळलं. पण पोळी लाटायला मनगट मागेही वळावं लागतं आणि दाबही द्यावा लागतो. कणीक मळणं त्याहून जड. प्रत्येक सिटिंगला पकड किती किलोची आहे ते यंत्रावर मोजून लिहून द्यायला सांगा, दोन्ही हातांची. मनगट किती अंशात वळतं तेही. "रुग्णाला त्रास आहे" या वाक्यापेक्षा डावा हात २२, उजवा ९ असे आकडे बोलतात. आकडे उदाहरणादाखल दिलेत.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र घाईने काढू नका. सुधारणा थांबली की मग. साधारण सहा महिने ते वर्ष जातं.

---

शिवाजीनगर_कोर्ट

फिजिओ ताईंनी नेमका मुद्दा काढला. २०१० च्या राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच समजावून सांगितलंय. हाताचं अपंगत्व अमुक टक्के म्हणजे कमाईचं नुकसान तेवढेच टक्के असं नसतं. माणूस काय काम करतो ते बघायचं. तेच मनगट बँकेतल्या माणसाचं असेल तर कमाई कदाचित शून्य टक्के घटेल, पोळ्या लाटणाऱ्या बाईची खूपच घटेल.

हिशोब कसा मांडतात ते दाखवतो. मोटार अपघातांसाठी २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक ठरलेत, आयोग आणि दिवाणी कोर्टंही त्याचा आधार घेतात. ५६ ते ६० वयाला गुणक ९. महिना ३०,००० धरले तर वर्षाचे ३,६०,०००. गुणिले ९, म्हणजे ३२,४०,०००. कमाईची क्षमता समजा १५ टक्के कायमची गेली असं सिद्ध झालं, तर ४,८६,०००. त्याशिवाय डबे पूर्ण बंद होते त्या महिन्यांचं नुकसान, औषधपाणी, फिजिओ, जाण्यायेण्याचा खर्च, वेदना. पुढे प्लेट काढायची असेल तर तो खर्च. पंधरा हजारांचा चेक आता या शेजारी ठेवून बघा.

तीस हजार सिद्ध कसे करणार, हा खरा प्रश्न आहे. घरगुती डबे, म्हणजे ना पावती ना रिटर्न.

मेडिक्लेमचे पैसे वजा होतात का? मोटार अपघातापुरता मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निकाल दिलाय की होत नाहीत, कारण तो हप्ता भरून विकत घेतलेला हक्क आहे. आपल्या प्रकरणाला तो थेट बांधील नाही, पण युक्तिवाद तोच करता येतो. बिल पूर्ण लावायचं, मेडिक्लेमने दिलेलं लपवायचं नाही.

---

अरण्येश्वरची

आईची वही आहे! लाल कापडी बांधणीची, दर वर्षी दिवाळीला तुळशीबागेतून नवीन आणते. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, तारखा, खाडे, "रवि. नको", "मीठ कमी". चौदा वह्या माळ्यावर आहेत. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत बहुतेकांचे पैसे गूगल पे वर आलेत, ते बँकेच्या पासबुकात आहेत. अठ्ठावीसपैकी अकरा जणांनी लिहून द्यायची तयारी दाखवली. एका निवृत्त मास्तरांनी तर तीन पानं लिहिलीत.

---

कसबा_पेठ

थोडं विषयाला धरून. आमच्या वाड्याला पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आहे. मालक दुरुस्ती करत नाही, आम्ही सोडत नाही. गेल्या पावसाळ्यात सज्जाचा तुकडा खाली चालणाऱ्या मुलाच्या खांद्यावर पडला. मालक म्हणतो, नोटीस दिली होती, आता भाडेकरू जबाबदार. हे असंच असतं का?

---

शिवाजीनगर_कोर्ट

नोटीस आल्यावर मालकाची जबाबदारी वाढते, कारण धोका माहीत होता हे त्याच्याच दारावर चिकटवलेलं आहे. रस्त्याने जाणाऱ्याचा तर कुणाशीच करार नसतो, त्याला वाट सुरक्षित मिळायलाच हवी. पालिकेला प्रतिवादी करायचं असेल तर मात्र कॅलेंडर हातात धरा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी लेखी नोटीस, मग एक महिना थांबायचं, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. सहा महिने, दोन वर्षं नव्हे. यातच लोक हुकतात. स्वतंत्र धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

---

कात्रजचा_घाट

रस्त्यावर पडलेल्यांसाठी एक भर. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ ला आदेश दिलाय: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख, जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. महापालिकेत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दावे बघते. माझा भाऊ गटाराच्या तुटक्या झाकणात गाडीसह गेला होता, त्यासाठी अर्ज तयार करतोय.

कोंढव्यात २९ जून २०१९ ला सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले. किवळ्यात १७ एप्रिल २०२३ ला वाऱ्यापावसातून आडोशाला उभी राहिलेली पाच माणसं होर्डिंगखाली गेली. तेव्हा सगळे धावले, मदत जाहीर झाली. एकट्या बाईचं मनगट मोडलं की पेढे आणि चेक. पण भिंत असो, होर्डिंग असो की पायरीची पट्टी, आधी कुणीतरी बघितलेलं असतंच. तुमच्या व्हिडिओतल्या त्या मुलासारखं. ताई, तुम्ही लढा.

---

निवृत्त_सेक्रेटरी

मी नऊ वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मनात राहिलेलं सांगतो. २०१४ साली जिन्याच्या छताचा गिलावा धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या डोक्यात पडला. बारा टाके. इमारत तेव्हा बावीस वर्षांची. उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, आम्ही एकदाही केलं नव्हतं, कारण सर्वसाधारण सभेत खर्चाचा विषय निघाला की माणसं उठून जायची. त्या बाईंना आम्ही वर्गणी काढून बारा हजार दिले आणि सभेत एकमेकांचं कौतुक केलं. त्यांनी दोन महिने काम गमावलं आणि पाच घरांपैकी तीन सुटली. वर्गणी म्हणून दिलं, देणं म्हणून नाही, हे मला आज फार लागतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की मागता येतं, आणि आम्ही तर सांगणार नव्हतोच.

---

अरण्येश्वरची

काका, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या बाई आता कुठे असतात ते विचार.

---

निवृत्त_सेक्रेटरी

अप्पर इंदिरानगरला राहायच्या. शोधतो.

---

अरण्येश्वरची

बरेच दिवसांनी लिहिते आहे. वकीलदादांनी सांगितल्याप्रमाणे स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली होती, मालक आणि हॉल चालवायला घेतलेला ठेकेदार दोघांना. त्यात हेही विचारलं होतं की हॉलचा विमा आहे का, असेल तर विमा कंपनीला कळवा. अठराव्या दिवशी उत्तर आलं. जिना सुस्थितीत होता, बाईंच्या उंच टाचांच्या चपलांमुळे तोल गेला, आणि केसपेपरप्रमाणे त्या घरी पडल्या. एकाच पत्रात दोन्ही, तिथेही पडल्या आणि घरीही.

आईच्या पायात त्या दिवशी सपाट कोल्हापुरी होत्या. आहेर देतानाच्या फोटोत स्पष्ट दिसतात.

मामाने प्रतिज्ञापत्र केलं. लिहिताना त्याचा हात थांबत होता, पण सगळं लिहिलं. मावशीने पावती दिली, आणि स्वतःहून म्हणाली की साक्षीला येईन.

काल आईला घेऊन शिवाजीनगरला नोटरीकडे गेलो. तक्रारीसोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची होती. पॅन कार्डवरची सही आणि आत्ताची जुळेना. पेन धरलं की तिचा अंगठा थरथरतो, अक्षरं खाली घसरतात. नोटरींनी स्टॅम्प पॅड पुढे सरकवलं, म्हणाले अंगठा द्या, चालतो. आईने पॅड परत सरकवलं. चौदा वर्षं वही याच हाताने लिहिली, म्हणाली, सहीच करते. मग डाव्या हाताने उजवं मनगट खालून धरलं आणि सहा पानांवर सहा सह्या केल्या. पंचवीस मिनिटं लागली. मागची रांग थांबली होती, कुणी काही बोललं नाही.

सोमवारी दाखल करते. क्रमांक मिळाला की इथे टाकेन.